कडक भाकरीची चूल: धूर, निखारे आणि धुराड्याची निगा

ताई, आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आपण आणि आपल्या सासूबाई विक्रीसाठी ज्वारीच्या कडक भाकऱ्या करता. गॅसवर हे काम परवडत नाही आणि भाकरीही मनासारखी कडक होत नाही, म्हणून वैल (मुख्य जाळाच्या धगीवर चालणारे चुलीचे दुसरे तोंड) असलेली लाकडाची चूल घातली आहे. शेडमध्ये धूर कोंडतो, दुपारनंतर दोघींचेही डोके जड होते. धुराडे बसवावे का, बसवले तर त्याची निगा कशी राखावी आणि आग लागू नये म्हणून काय काळजी घ्यावी, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. चुली, बंब आणि भट्ट्या बांधण्याचे व दुरुस्त करण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे. त्या आधारावर सविस्तर लिहितो. आपण धुराबद्दल सर्वांत जास्त लिहिले आहे, परंतु मला सर्वांत गंभीर वाटली ती डोके जड होण्याची गोष्ट, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

कडक भाकरीच्या कामाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात जाळ मोठा असतो, तवा तापलेला असतो, भाकरी भाजून फुगवली जाते. दुसऱ्या भागात त्याच भाकऱ्या मंद धगीवर सावकाश सुकवल्या जातात, आणि तेव्हा चुलीत ज्वाळा जवळजवळ नसते, फक्त लालबुंद निखारे असतात. या वेळी धूर दिसत नाही, डोळ्यांत पाणी येत नाही, त्यामुळे धोका संपला असे वाटते आणि वाऱ्याने धूळ येते म्हणून अनेक घरांत नेमके याच वेळी दार लोटून घेतले जाते. प्रत्यक्षात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू या टप्प्यात भरपूर तयार होतो. निखाऱ्यांच्या तळाशी तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वरच्या तापलेल्या कोळशाच्या थरातून जाताना आणखी कार्बन उचलतो आणि त्याचा मोनॉक्साइड होतो. वर ज्वाळा असेल तर तो बराचसा जळून जातो, ज्वाळा नसेल तर तसाच खोलीत पसरतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट धरून ठेवते, त्यामुळे थोडा वायूही अनेक तास श्वासात गेला तर त्रास होतो. डोके जड होणे, मळमळ, चक्कर, पायांत बळ नसल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे आहेत. एकाच वेळी दोघींनाही तीच तक्रार असणे आणि मोकळ्या हवेत गेल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी ती नाहीशी होणे, ही त्याची मोठी खूण आहे.

म्हणून भाकऱ्या सुकवण्याच्या वेळी शेडची समोरासमोरची दोन्ही दारे किंवा खिडक्या उघड्याच राहिल्या पाहिजेत, मग धूळ आली तरी चालेल. भाकऱ्यांवर मलमलीचे कापड टाकता येते. बाजारात बॅटरीवर चालणारे कार्बन मोनॉक्साइडचे धोकासूचक यंत्र मिळते. ते चुलीपासून काही हात दूर, बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीला लावावे. मात्र ते वाजत नाही म्हणून खिडकी बंद करण्याची मुभा मिळाली, असे समजू नये. कोणाला घेरी आली तर आधी त्या व्यक्तीला बाहेर मोकळ्यावर आणावे आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. लहान मूल, गर्भवती किंवा हृदयरोग असलेली व्यक्ती घरात असेल तर तिला या शेडमध्ये बसवूच नये. पौषातल्या थंडीत घमेल्यातले निखारे शेकायला झोपण्याच्या खोलीत नेण्याची पद्धत अजूनही दिसते. ती पूर्ण बंद करावी. बंबाचेही तेच आहे. बंद न्हाणीघरात बंब पेटता ठेवून आंघोळीला बसू नये. तो बाहेर तापवावा आणि पाणी आत न्यावे.

आता शेडविषयी. आपल्याकडील जुन्या धाब्याच्या घरांत छताला सवणे ठेवलेले असे. त्यातून उजेड येई आणि चुलीचा धूर सरळ वर निघून जाई. पत्र्याच्या शेडमध्ये आपण खिडकी ठेवतो, पण छतापाशी काहीच ठेवत नाही, त्यामुळे तापलेला धूर पत्र्याखाली साचतो आणि थंड होऊन हळूहळू बसलेल्या माणसाच्या डोक्यापर्यंत खाली उतरतो. शेडच्या सर्वांत उंच कडेला, भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये वीतभर फट सलग ठेवून घ्यावी आणि पावसासाठी वरचा पत्रा पुढे काढावा. एवढ्यानेच निम्मा त्रास कमी झाल्याचे आपल्या लक्षात येईल. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून जोराने येतो, म्हणून चुलीचे तोंड पश्चिमेच्या उघड्या दाराकडे नसावे. तसे असेल तर झोत थेट जाळावर येतो, ज्वाळा तोंडातून बाहेर वळते आणि पुढे बसलेल्या बाईच्या पदरापर्यंत पोचते. शेडला सिमेंटचे पत्रे असतील तर चुलीच्या बरोबर वरचा पत्रा लोखंडी करून घ्यावा, कारण सिमेंटचा पत्रा जोराने तापला की मोठा आवाज करून फुटतो आणि त्याचे तुकडे उडतात. जुन्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असते. पाइपासाठी त्याला घरच्या घरी भोक पाडून ती धूळ श्वासात घेऊ नये.

धुराचे मूळ बहुतेक वेळा चुलीत नसते, ते सरपणात असते. धूर म्हणजे न जळलेले लाकूडच आहे. सुकलेल्या लाकडाच्या वजनाचा मोठा भाग, ढोबळमानाने तीन-चतुर्थांशापेक्षा अधिक, तापल्यावर वायुरूपाने बाहेर पडतो, आणि त्या वायूंना पुरेशी उष्णता व हवा मिळाली तरच त्यांची ज्वाळा होते. लाकूड ओले असेल तर उष्णता आधी पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते, चूल तापत नाही आणि वायू धूर होऊन निघून जातात. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास अर्धे पाणी असू शकते; जाळण्याजोग्या लाकडात ते २० टक्क्यांच्या आत असावे. या बाबतीत सोलापूरकर नशीबवान आहेत, कारण आपल्याकडचा कोरडा उन्हाळा हे काम फुकट करून देतो. बाभळीचे किंवा वेड्या बाभळीचे लाकूड दिवाळीनंतर घ्यावे, मनगटाएवढे फोडून घ्यावे, विटांवर किंवा दगडांवर उंच रचावे म्हणजे खालून हवा खेळते, आणि मृग लागण्यापूर्वी छताखाली आणावे. वरून झाकावे, पण चारही बाजूंनी प्लास्टिक गुंडाळू नये, त्यात ओल कोंडते.

लाकूड सुकले की नाही हे पाहण्याचा सोपा उपाय म्हणजे वजन. आठ-दहा ढलप्यांना खूण करून घरातल्या काट्यावर त्या तोलाव्यात, उन्हात ठेवाव्यात आणि आठवड्याने पुन्हा तोलाव्यात. वजन घटत असेल तर लाकूड अजून सुकते आहे, ते वापरू नये. एकमेकींवर आपटल्यावर टणक, खणखणीत आवाज येणे आणि टोकांना तारेसारख्या भेगा पडलेल्या असणे, याही चांगल्या खुणा आहेत. तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या), पळकाट्या (कापसाच्या वाळक्या काड्या) आणि मक्याची बुरकुंडे पेटवण्यासाठी उत्तम, पण त्या झटकन जळतात आणि सारखे पुढे सरकवत बसावे लागते, म्हणून त्यांच्यावर दिवसभराचे काम चालत नाही. गोवऱ्यांची धग मंद आणि लांब टिकणारी असते, पण धूरही फार असतो. शेड बंदिस्त असेल तर गोवऱ्या टाळाव्यात, असे माझे मत आहे.

काय जाळू नये, हे आपल्या शहरात विशेष सांगावे लागते. माग चालणाऱ्या वस्त्यांत टॉवेल-चादरीच्या कापडाच्या चिंध्या, दोऱ्याचा कचरा आणि तूस (मागावर उडणारे बारीक तंतू) फुकट मिळते, आणि चूल पेटवायला ती सर्रास वापरली जाते. त्यात सिंथेटिक धागा असेल तर तो वितळून जळते थेंब गळतात, आणि रंगाच्या रसायनांचा धूर भाकरीला लागतो. मोकळी तूस तर एका ठिणगीने क्षणात पेटून सगळीकडे पसरते, म्हणून घरात माग असेल तर चूल त्या खोलीपासून पूर्ण वेगळी हवी. घरी विड्या वळल्या जात असतील तर तेंदूच्या पानांचा कचराही चुलीजवळ साठू देऊ नये. रंग दिलेले फर्निचर, प्लायवूड, रेल्वेचे जुने स्लीपर, प्लास्टिकच्या पिशव्या आणि दुधाचे पुडे हे सर्व वर्ज्य समजावे. कण्हेर आणि शेर यांच्या काटक्या सरपणात आल्या तर वेचून काढाव्यात. दोन्हींचा चीक विषारी असतो आणि धूरही बाधतो.

चूल पेटवताना रॉकेल ओतण्याची सवय असेल तर ती आजपासून सोडावी. रॉकेलची वाफ साधारण ३५ ते ४० अंशांच्या पुढे ठिणगीने पेट घेऊ शकते, आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधील हवाच तेवढी तापलेली असते. विझल्यासारख्या दिसणाऱ्या निखाऱ्यांवर रॉकेल ओतले तर आधी पांढरी वाफ उठते आणि मग ती एकदम भडकते. त्याऐवजी तुराट्यांचे दोन हातभर जुडगे समांतर ठेवावे, त्यांच्यामध्ये बोटभर फट सोडावी, वर आडव्या बारीक काटक्या रचाव्यात, आणि फटीत कागदाचा किंवा नारळाच्या शेंडीचा पेटता बोळा सरकवावा. फटीतून हवा आत जाते आणि जाळ स्वतःच ओढ धरतो. काटक्या लाल झाल्याशिवाय जाड लाकूड घालू नये. सुरुवातीला जाड लाकूड घालून फुंकणीने तासभर फुंकत बसण्यात जितका धूर होतो, तितका पुढे दिवसभरात होत नाही. एकदा चूल तापली की लाकडे तोंडात ठासून भरण्यापेक्षा दोन-तीनच ठेवावीत आणि टोके जळतील तशी आत सरकवावीत. लाकडांच्या वर चार बोटे तरी जागा रिकामी असावी. तळाला लोखंडी जाळी बसवून खाली राखेसाठी पोकळी ठेवली तर हवा निखाऱ्यांना खालून मिळते आणि लाकूडही कमी लागते.

चुलीच्या बांधणीतील दोन चुका मला वारंवार दिसतात. पहिली, शहाबादी फरशीवर थेट चूल मांडणे. ही फरशी थरांची असते. खालून ओल आणि वरून जाळ मिळाला की तिच्या खपल्या तडकून उडतात. फरशीवर आधी वाळूचा थर, त्यावर विटा आणि मग चूल असावी. दुसरी, काळ्या मातीने किंवा सिमेंटने लिंपणे. काळी माती सुकताना आक्रसते आणि भेगा पडतात, सिमेंटचा गिलावा जाळाजवळ भुसभुशीत होऊन गळतो. जुन्या पडक्या घरांची पांढरी माती, भुसा, लीद किंवा शेण आणि चाळलेली राख एकत्र मळून दोन दिवस मुरू द्यावी; त्याचा लेप जाळाला टिकतो.

धुराडे बसवावे का, याचे माझे उत्तर निःसंदिग्ध ‘हो’ असे आहे, परंतु अर्धवट बसवलेले धुराडे नसलेल्यापेक्षा वाईट. पाइप वैलाच्या मागच्या बाजूने काढावा, म्हणजे जाळ दोन्ही भांड्यांखालून जाऊन मगच बाहेर पडतो. घरगुती चुलीला चार इंच व्यासाचा पाइप पुरतो. आपली चूल मोठ्या तव्याची असेल तर पाच ते सहा इंचांचा घ्यावा. जाळाजवळचा पहिला तीन-चार फुटांचा भाग साध्या काळ्या लोखंडाचा असावा, जस्ताचा मुलामा दिलेला नसावा, कारण जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळते आणि मुलामा त्याच्या फार आधी खराब होऊ लागतो. वरचा भाग गॅल्व्हनाइज्ड चालेल. पाइप शक्यतो सरळ उभा न्यावा; वळण द्यावेच लागले तर काटकोनाऐवजी तिरके द्यावे, आणि दोनपेक्षा जास्त वळणे कधीही देऊ नयेत. छतावर पाइपाचे टोक पत्र्यापासून तीन फूट वर असावे आणि दहा फुटांच्या आत शेजारची भिंत, टाकी किंवा गच्ची असेल तर तिच्यापेक्षा दोन फूट उंच असावे, नाहीतर पश्चिमेचा वारा तिथे आदळून खाली वळतो आणि धूर परत शेडमध्ये ढकलतो. पाइप आणि लाकडी वासा, बांबू, ताडपत्री किंवा वायर यांच्यात दीड फूट अंतर हवे. टोकावर पावसाची टोपी बसवावी, पण तिला बारीक जाळी लावू नये. काजळीने ती काही आठवड्यांत बुजते.

पाइपाच्या तळाशी, चुलीच्या मागे, हात जाईल एवढे झाकण असलेले तोंड ठेवून घेण्यास गवंड्याला आवर्जून सांगावे. निगा राखण्याचे सगळे काम तिथूनच होते, आणि नेमके तेच बहुतेक जण विसरतात. त्या तोंडातून विजेरीच्या उजेडात पाइपाच्या आत पाहावे. आत भुरकट किंवा काळी, बोटाने झडणारी भुकटी दिसली तर जाळ चांगला चालला आहे. काळ्या, कुरकुरीत पापुद्र्यांसारखा थर दिसला तर लाकूड ओले आहे किंवा चूल फार वेळ धुमसत ठेवली जाते. आणि चकचकीत, डांबर ओतल्यासारखा, नखाने न निघणारा थर दिसला तर चूल त्या दिवसापासून बंद ठेवावी, कारण तो थर म्हणजे पाइपाला आतून चिकटलेले इंधन आहे. पाइप थंड असला की धुरातील वाफ आणि डांबर त्याच्या भिंतीवर जमतात, म्हणून मंद धगीवर जास्त काम करणाऱ्या आपल्यासारख्या चुलीत हा थर इतर घरांपेक्षा लवकर साठतो. त्यावर उपाय म्हणून दररोज सुरुवातीला सुक्या लाकडाचा पंधरा-वीस मिनिटे खणखणीत जाळ करावा, म्हणजे पाइप तापतो आणि ओढही चांगली धरतो.

थराची जाडी तीन मिलिमीटर झाली की पाइप साफ करावाच. रोज चूल चालत असेल तर महिन्यातून एकदा हे काम करणे योग्य. चूल पूर्ण थंड असताना, नाकातोंडाला फडके नव्हे तर मास्क लावून, छतावरून दोरीला बांधलेला तारेचा ब्रश खाली-वर फिरवावा आणि खाली पडलेली काजळी तळाच्या तोंडातून काढावी. त्या आधी चुलीची तोंडे ओल्या पोत्याने झाकावीत, नाहीतर काजळी भाकऱ्यांच्या काटवटीपर्यंत उडते. तापलेल्या पत्र्यावर चढण्यापेक्षा हे काम सकाळी लवकर करावे आणि शिडी धरायला खाली माणूस असावा. चूल काही आठवडे बंद राहिली असेल तर पेटवण्यापूर्वी पाइपात गांधीलमाश्यांचे पोळे किंवा चिमणीचे घरटे नाही, हे पाहावे. लेपाला भेगा आहेत का हे ओळखण्यासाठी चूल पेटती असताना जोडांजवळ अगरबत्ती धरावी: तिचा धूर आत ओढला गेला तर तिथे फट आहे. थंड झाल्यावर ती लिंपून घ्यावी.

पाइपातील डांबराने पेट घेतलाच, तर घोंघावणारा मोठा आवाज येतो, पाइप लाल दिसू लागतो आणि टोकातून ठिणग्या उडतात. अशा वेळी पाइपात पाणी ओतू नये. तापलेला पाइप फाटतो आणि वाफ अंगावर येते. चुलीतील लाकडे चिमट्याने बाहेर ओढून मोकळ्या जमिनीवर वाळूत दाबावीत, चुलीची सर्व तोंडे मातीने किंवा लोखंडी पत्र्याने बंद करून हवा तोडावी, सर्वांनी बाहेर यावे आणि १०१ किंवा ११२ वर फोन करावा. आग आपोआप विझली तरी पाइप उतरवून तपासल्याशिवाय पुन्हा चूल पेटवू नये. वाळूने भरलेल्या दोन बादल्या शेडच्या दाराशी, चुलीच्या मागे नव्हे, कायम ठेवाव्यात.

आगीची जी प्रकरणे मी पाहिली, त्यांत पेटत्या चुलीपेक्षा राखेने लावलेल्या आगी अधिक होत्या. वरून पांढरी आणि गार दिसणाऱ्या राखेत निखारा तीन-चार दिवससुद्धा जिवंत राहू शकतो. ती प्लास्टिकच्या टोपल्यात, पोत्यात, उकिरड्यावर किंवा घंटागाडीत टाकू नये. झाकणाचा पत्र्याचा डबा शेडबाहेर, फरशीवर, कडबा आणि सरपण यांपासून दूर ठेवावा आणि राख त्यात चार दिवस राहू द्यावी. भांडी घासायला ती उत्तमच. बागेत मात्र बेताने टाकावी, कारण आपल्या भागातील चुनखडीयुक्त जमीन आधीच क्षारधर्मी आहे.

गॅसचे सिलिंडर या शेडमध्ये असू नये. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो जमिनीलगत सरकत चुलीपर्यंत येतो आणि उभ्या माणसाला वास येण्यापूर्वी पेट घेऊ शकतो. कपड्यांच्या बाबतीत सिंथेटिक गाऊन आणि नायलॉनचे पातळ चुलीपुढे घालू नये. सुती लुगडे, पदर खोचलेला, बाह्या आवळ, हेच बरे. शेडच्या खुंटीला एक जुनी लोकरीची घोंगडी टांगून ठेवावी. लोकर सहजी पेट घेत नाही, त्यामुळे कोणाच्या कपड्यांना आग लागली तर त्या व्यक्तीला जमिनीवर आडवे करून घोंगडीत गुंडाळता येते. सुती चादर त्या कामाला वापरू नये. भाजलेल्या जागेवर २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे, बांगड्या-अंगठ्या लगेच काढाव्यात, हळद, तेल किंवा टूथपेस्ट लावू नये. चेहरा, हाताचे पंजे किंवा सांधा भाजला असेल तर थेट दवाखान्यात जावे.

शेवटी आपण विचारले आहे की सासूबाई दर आठवड्याला चूल शेणामातीने सारवतात, ते चालू ठेवावे का. जरूर ठेवावे, कारण त्यानेच बारीक भेगा बुजतात आणि कुठला भाग ढिला झाला ते हाताला कळते. फक्त सारवण आदल्या दिवशीचे काम संपल्यानंतर नव्हे, तर चूल रात्रभर गार झाल्यावर करावे, लेप करंगळीच्या नखापेक्षा जाड देऊ नये, आणि तो दिवसभर वाळू द्यावा. दुसऱ्या दिवशी आधी काटक्यांचा लहान जाळ करून ओल काढावी, मगच मोठा तवा चढवावा.